मऊ यंत्रांच्या जखमा

डाळिंबाच्या झाडाला काटे असतात. बाजारातून फळ आणणाऱ्याला ते कळायचं कारण नाही. पण बारामतीहून इंदापूरकडे जाताना, पिंपळीच्या पुढे उसाच्या फडांमध्ये जिथे डाळिंबाच्या बागा लागतात, तिथे तोडणीच्या दिवसांत बायका साडीवर पूर्ण बाह्यांचे जुने शर्ट चढवून आत शिरतात, ते या काट्यांसाठीच. देठ कात्रीने आखूड कापायचं, सालीला ओरखडा येऊ द्यायचा नाही, फळ क्रेटमध्ये आपटायचं नाही. ओरखडा आला की प्रतवारीत फळ खाली जातं. हे काम यंत्राकडून करून घ्यायचं तर पोलादी चिमटा उपयोगाचा नाही, यंत्राला मऊ बोटं हवीत. आणि बोटं मऊ असली की काटा त्यांनाही टोचणार.

यंत्राच्या मऊ अंगाला पडलेलं भोक त्याचं त्याला बुजवता येईल का, या प्रश्नावर गेली पंचवीस वर्षं जगभर काम चाललं आहे. रसायनशास्त्रज्ञ, यांत्रिकीवाले आणि जीवशास्त्रज्ञ असे तिन्हीकडचे लोक त्यात आहेत. या कामातला एक महत्त्वाचा धागा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कातला गेला, आणि त्याची आपल्याकडे जेवढी व्हायला हवी तेवढी चर्चा झालेली नाही. इथे मी या साऱ्या कामाकडे बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यातून पाहणार आहे. परीक्षा घ्यायचीच तर ती धुळीत, उन्हात आणि काट्यांत घ्यावी, असं माझं मत आहे.

आधी मऊ यंत्रांविषयी. रबराची नळी आणि तिच्यावर जाळीचं विणलेलं आवरण, आत हवा भरली की नळी फुगते आणि आखूड होते, असा मॅककिबेन यांच्या नावाने ओळखला जाणारा कृत्रिम स्नायू १९५० च्या दशकातला आहे. पण सॉफ्ट रोबॉटिक्स ही वेगळी शाखा म्हणून उभी राहिली ती अलीकडे. २०११ मध्ये हार्वर्डच्या जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने सिलिकॉन रबराचा, हवेवर चालणारा चार पायांचा यंत्रप्राणी दाखवला. तो सरपटत अरुंद फटीखालून निघून जाई. २०१६ मध्ये हार्वर्डमधूनच ‘ऑक्टोबॉट’ आला. त्याच्या अंगात एकही कडक भाग नव्हता. फळं-भाज्या उचलणारी मऊ बोटंही बहुतेक याच तत्त्वावर चालतात. बोटाच्या आत एकापुढे एक पोकळ कप्पे असतात. त्यांत हवा सोडली की वरची बाजू ताणली जाते, खालची तेवढी ताणली जात नाही, आणि बोट वळतं. फळाचा आकार थोडा वेडावाकडा असला तरी बोट त्याच्यावर आपोआप बसतं. त्यासाठी फार हिशेबी नियंत्रण लागत नाही, आणि या यंत्रांचं खरं बळ यातच आहे.

दुबळेपणाचं मूळही तिथेच सापडतं. कप्प्याची भिंत जेमतेम काही मिलिमीटरची. तिला सुईएवढं भोक पडलं तरी हवा निसटते, दाब धरत नाही, बोट अर्धवट वळतं. बोटाला मिनिटाला ८ फळं धरायला लावली तर आठ तासांच्या पाळीत ते ३,८४० वेळा फुगणार आणि बसणार. प्रत्येक वेळी भोकाच्या कडा ताणल्या जातात आणि चीर वाढत जाते. नेहमीचं सिलिकॉन रबर एकदा घट्ट झालं की त्याच्या लांब साखळ्या एकमेकींना कायमच्या बांधलेल्या असतात. चिरलेल्या जागी ते बंध तुटले की पुन्हा जुळत नाहीत. दोन कडा कितीही वेळ दाबून धरा, त्या शेजारी शेजारी राहतील, एक होणार नाहीत.

पंक्चरच्या दुकानात काय होतं ते आठवा. ट्यूब फुगवून पाण्याच्या घमेल्यात फिरवतात आणि बुडबुड्यांवरून भोक शोधतात. ती जागा पुसून, घासून स्वच्छ करतात. सोल्युशन लावून ते सुकेपर्यंत थांबतात. मग ठिगळ दाबून बसवतात आणि ट्यूब पुन्हा पाण्यात बुडवून पाहतात. शोधणं, साफ करणं, कडा एकत्र आणणं, जोडणं आणि खात्री करून घेणं, अशी ही पाच कामं आहेत. स्वतः भरून येणाऱ्या पदार्थांवरचं बहुतेक संशोधन चौथ्या कामावर, म्हणजे जोडण्यावर झालं, आणि त्यात मिळालेलं यश खरंखुरं आहे. बाकीच्या चार कामांकडे मात्र अलीकडेच लक्ष गेलं आहे, आणि दुसऱ्याकडे, म्हणजे साफ करण्याकडे, जवळजवळ गेलेलंच नाही. हा आढावा घेताना माझ्या मनात ठसलेली गोष्ट हीच.

जोडण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्यात औषध बाहेरून मिसळून ठेवतात. २००१ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात स्कॉट व्हाइट, नॅन्सी सॉटोस आणि जेफ्री मूर यांच्या गटाने इपॉक्सीत द्रव भरलेल्या अतिसूक्ष्म कुप्या आणि उत्प्रेरकाचे कण मिसळले. तडा गेला की वाटेतल्या कुप्या फुटतात, द्रव तड्यात झिरपतो, उत्प्रेरकाला भेटतो आणि घट्ट होतो. चिवटपणा ७५ टक्क्यांपर्यंत परत आला. ‘नेचर’मधल्या त्या लेखाने या विषयाला तोंड फुटलं. पण फुटलेली कुपी दुसऱ्यांदा कामाला येत नाही. त्यातून हा मार्ग कडक पदार्थांना मानवणारा. हजारो वेळा ताणल्या जाणाऱ्या मऊ बोटात अशा कुप्या टिकवणं अवघड आहे.

दुसऱ्या मार्गात पदार्थाचे बंधच असे निवडतात की ते तुटावेत आणि पुन्हा जुळावेत. २००२ मध्ये लॉस एंजेलिसला फ्रेड वुडल यांच्या गटाने फ्युरान आणि मॅलेइमाइड या दोन रासायनिक गटांमधल्या डील्स-आल्डर अभिक्रियेवर आधारलेला पदार्थ दाखवला. तापवल्यावर हे बंध सुटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळतात. २००८ मध्ये पॅरिसला लुडविक लायब्लर यांच्या गटाने वनस्पती तेलांपासून मिळणारी स्निग्धाम्लं आणि युरिया अशा साध्या कच्च्या मालातून रबर केलं. त्याचे तुकडे नुसते एकमेकांवर टेकवून ठेवले की खोलीच्या तापमानालाच एकजीव होत. त्याला सांधणारे होते हायड्रोजन बंध. एकेकटा हायड्रोजन बंध अगदी कमजोर असतो, पण ते असंख्य असले की रबर ताणता येतं. या रबराबरोबर एक अडचणही समोर आली, आणि ती विसरून चालणार नाही. कापलेल्या कडा बराच वेळ उघड्या राहिल्या की त्यांच्यावरचे मोकळे गट आपापल्या बाजूलाच जोड्या जमवतात. मग पलीकडच्या कडेसाठी कोणी उरत नाही. म्हणजे जखम लवकर मिटली तर भरते, उशीर झाला तर भरणं कमी होतं.

आता पुण्याकडे येऊ. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जेलवर काम करण्याची परंपरा होती. जेल म्हणजे पाणी धरून ठेवणारं बहुवारिकांचं जाळं. तिथे रघुनाथ माशेलकर आणि आशिष लेले यांच्याबरोबर शायनी वर्गीस यांनी एक विशिष्ट जेल अभ्यासलं. त्याच्या मुख्य साखळीला बाजूने लोंबणाऱ्या छोट्या साखळ्या होत्या आणि प्रत्येकीच्या टोकाला एक आम्ल गट होता. २००६ मध्ये या तिघांनी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधाचा विषयच धातूच्या आयनांमुळे जेलच्या जखमा भरणं हा होता. जेलचे कापलेले भाग तांब्याच्या आयनांच्या साहाय्याने पुन्हा सांधले गेले. टोकाचे आम्ल गट तांब्याला धरतात, आणि कडेच्या दोन्ही बाजूंनी धरलं की सांधा तयार होतो. स्वतः भरून येणारे पदार्थ हा विषय जगातच तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. लायब्लर यांचं रबर यायला अजून दोन वर्षं होती.

पुढे वर्गीस अमेरिकेत सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात गेल्या आणि काम तिकडे वाढलं. २०१२ मध्ये ‘प्रोसिडिंग्ज ऑफ द नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस’मध्ये आलेल्या निबंधाचे पहिले लेखक अमेय फडके आहेत, आणि लेखकांच्या यादीत माशेलकर आणि लेले ही नावंही आहेत. यावेळी धातूची गरज उरली नव्हती. आम्लधर्मी पाण्यात जेलचे दोन तुकडे काही सेकंदांत जुळत, आणि त्यांना ओढलं तरी सांधा टिके. पाणी अल्कधर्मी केलं की ते सुटत. आम्लात टाकले की पुन्हा जुळत. असं अनेकदा करता येई.

या निबंधातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे लोंबत्या साखळीच्या लांबीचा हिशेब. साखळी फार आखूड असेल तर टोकाचा गट पलीकडच्या कडेपर्यंत पोचत नाही. फार लांब असेल तर तिचा पाण्याला टाळणारा भाग वाढतो, साखळ्या आपापसातच गोळा होऊन बसतात आणि टोकं आत दडतात. मधली लांबी सर्वांत चांगली ठरली. म्हणजे जुळणारा गट असणं पुरेसं नाही, तो कडेबाहेर डोकावला पाहिजे आणि त्याला हलायला जागा पाहिजे. पुढे मऊ यंत्रांसाठी झालेल्या बहुतेक पदार्थांत, बंध कोणताही असो, हीच अट पुन्हा पुन्हा समोर येते. जठरातली गळती थांबवणं किंवा आम्लाच्या भांड्याची चीर बुजवणं असे उपयोग त्या गटाने सुचवले होते. यंत्रमानव त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता.

जेलमध्ये एक उणीव आहे, आणि आपल्या पट्ट्यात ती फार मोठी ठरते. जेलमधलं पाणी उडून जातं. बारामतीच्या मे महिन्यात, पारा ४० च्या पुढे असताना, उघडं जेल तासाभरातच आकसायला लागेल. त्यामुळे उघड्यावर काम करणाऱ्या बोटांसाठी संशोधक पाण्याशिवायच्या रबरी पदार्थांकडे वळले. भारतात दुसऱ्या टोकाचंही एक लक्षणीय काम झालं आहे. २०२१ मध्ये आयसर कोलकाता आणि आयआयटी खरगपूर यांच्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये असे सेंद्रिय स्फटिक दाखवले की ते मोडले की तुटलेल्या पृष्ठांवरचे विद्युतभार एकमेकांना ओढतात आणि तुकडे क्षणार्धात जुळतात. ते मऊ बोटाच्या उपयोगाचे नाहीत. पण कडा जवळ आणण्याचं काम पदार्थ स्वतःच करतो, हे त्यातून दिसलं.

खऱ्या अर्थाने पहिली भरून येणारी मऊ यंत्रं २०१७ मध्ये ब्रसेल्सहून आली. व्रिये युनिव्हर्सिटेटमधल्या सेप टेरिन, ब्रॅम वँडरबॉर्ख्त आणि सहकाऱ्यांनी एक मऊ पकड, एक मऊ हात आणि हवेवर चालणारे स्नायू पूर्णपणे डील्स-आल्डर पदार्थातून बनवले. मग त्यांना मुद्दाम शस्त्रक्रियेच्या पात्याने आरपार कापलं. यंत्र सुमारे ८० अंशांपर्यंत तापवलं की काही बंध सुटतात, साखळ्या मोकळ्या होतात, फट भरून येते. हळूहळू थंड होताना बंध पुन्हा जुळतात आणि पदार्थ आपली ताकद परत मिळवतो. भरलेल्या यंत्रांतून हवा गळली नाही, आणि हालचाल जवळपास पूर्वीसारखी झाली. पुढे युरोपीय संघाच्या पैशावर ‘शेरो’ नावाचा प्रकल्प निघाला. त्यात ब्रसेल्सबरोबर केंब्रिज विद्यापीठ, पॅरिसची ती लायब्लर यांचीच संस्था, स्वित्झर्लंडची एम्पा आणि नेदरलँड्समधली एक रसायन कंपनी असे सगळे होते. खोलीच्या तापमानाला भरणारे डील्स-आल्डर पदार्थही त्यानंतर आले.

या पदार्थाचं बारामतीशी एक नातं आहे. फ्युरान गट ज्या रसायनांतून आणतात त्यांचं मूळ फर्फ्युरलमध्ये आहे, आणि फर्फ्युरल पिकांच्या उरलेल्या भागांतून काढतात. १९२२ मध्ये अमेरिकेत क्वेकर ओट्स कंपनीने ते ओटच्या टरफलांपासून मोठ्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये ते उसाच्या बगॅसपासून निघतं. बगॅसमधल्या पाच कार्बनी शर्करांच्या साखळ्या वाफेने आणि आम्लाने तोडल्या की फर्फ्युरल मिळतं, आणि उरलेला चोथा तरीही बॉयलरमध्ये जाळता येतो. माळेगाव आणि सोमेश्वर हे बारामती तालुक्यातले, भवानीनगरचा छत्रपती हा इंदापूर तालुक्यातला, एवढे साखर कारखाने हाकेच्या अंतरावर आहेत. बगॅस मुख्यतः बॉयलरला आणि सहवीजनिर्मितीला जातं. जखम भरणाऱ्या रबराच्या दोन रासायनिक हातांपैकी एक हात याच चोथ्यातून निघू शकतो. याचा अर्थ उद्या कारखान्याने रबर काढावं असा नाही. फ्युरानपर्यंत पोचायला मध्ये बरेच टप्पे आहेत, आणि मॅलेइमाइडचा दुसरा हात वेगळीकडून आणावा लागतो. पण उसापासून साखर, इथेनॉल आणि वीज यांच्यापलीकडे काय, अशी चर्चा जेव्हा होते तेव्हा फर्फ्युरलचं नाव त्यात असायला हवं.

बाकीच्या कामांकडे आता कोण कसं पाहतं ते बघू.

शोधण्याचं काम कॉर्नेल विद्यापीठात रॉब शेफर्ड यांच्या गटाने सर्वांत सुरेख केलं आहे. २०२२ मध्ये त्यांनी एका मऊ चारपायी यंत्राच्या अंगात ताणता येणारे पारदर्शक प्रकाशतंतू घातले. तंतूतून सतत प्रकाश जातो. स्पर्श झाला की तो थोडा कमी होतो, चीर पडली की वेगळ्या रीतीने कमी होतो. तंतूचा पदार्थही स्वतः भरणारा आहे. त्यात हायड्रोजन बंध आणि गंधकाचे अदलाबदल करणारे बंध दोन्ही आहेत, आणि खोलीच्या तापमानालाच सुमारे एका मिनिटात तो सांधला जातो. यंत्राच्या एकाच पायाला सहा वेळा टोचलं. दर वेळी त्याला जखम कळली, ती भरली, आणि त्याने आपली चाल बदलली. केंब्रिजमध्ये फुमिया ईडा यांच्या गटाने याच काळात जिलेटिनचं स्वस्त जेल घेऊन, त्यात मीठ मिसळून, ताण ओळखणारी आणि भरून येणारी त्वचा केली. कच्चा माल स्वयंपाकघरातला असल्यामुळे असा प्रयोग जिल्ह्याच्या कुठल्याही महाविद्यालयात करता येईल.

कडा एकत्र आणण्यावर २०२३ मध्ये दोन वेगळी उत्तरं आली. ब्रसेल्सच्या गटाने बोटात आकार लक्षात ठेवणाऱ्या मिश्रधातूच्या तारा घातल्या. वीज सोडली की तारा आखडतात, उघडी चीर ओढून मिटवतात, आणि त्याच विजेने होणारी उष्णता भरण्याच्या कामी येते. एका खर्चात दोन कामं होतात, म्हणून मला हा उपाय फार आवडतो. स्टॅनफर्डमध्ये झेनान बाओ यांच्या गटाचा प्रश्न वेगळा होता. कृत्रिम त्वचा अनेक थरांची असते, आणि कापल्यावर वरचा थर खालच्याला चिकटला तर सगळा घोळ. त्यांनी दोन असे बहुवारिक घेतले की जे एकमेकांत मिसळत नाहीत, पण सांधणारे हायड्रोजन बंध दोघांचे सारखे आहेत. ७० अंशांना तापवून ठेवल्यावर सुमारे २४ तासांत प्रत्येक थर आपापल्या जोडीदाराशी जुळला.

‘स्वतः भरणारं’ असं लेबल लागलेल्या दोन गोष्टींविषयी मात्र वाचकाने सावध असावं, कारण त्या वेगळ्याच जखमेविषयी बोलतात. २०१८ मध्ये कोलोरॅडोच्या क्रिस्तोफ केपलिंगर यांच्या गटाने ‘हेझेल’ नावाचे स्नायू दाखवले. तेल भरलेली पिशवी आणि दोन्ही बाजूंना विद्युतअग्र, अशी त्यांची रचना. या स्नायूंनी रास्पबेरी आणि कच्चं अंडं न फोडता उचललं. विजेचा लोळ तेलातून आरपार गेला तरी तेल परत जागेवर येतं आणि स्नायू चालू राहतो, एवढंच त्यांचं भरणं. काट्याने पिशवी फुटली तर तेल गळणारच. त्याच वर्षी कार्नेगी मेलनच्या कार्मेल मजिदी यांच्या गटाने सिलिकॉनमध्ये गॅलियम-इंडियमच्या द्रव धातूचे थेंब मिसळले. कापल्यावर कडेचे थेंब फुटून एकमेकांत मिळतात आणि विजेला नवी वाट मिळते. यंत्र चालत राहतं, पण रबराची चीर तशीच राहते. दोन्ही शोध मोठे आहेत, पण ते हवा धरणाऱ्या बोटाच्या जखमेवरचं उत्तर नाहीत.

वेगाच्या बाबतीत सर्वांना मागे टाकणारा पदार्थ २०२० मध्ये आला. मेलिक देमिरेल आणि मेतिन सिट्टी यांच्या गटांनी स्क्विड या समुद्री प्राण्याच्या चूषकांतल्या दातांसारख्या कड्यांमधल्या प्रथिनावरून जनुकीय पद्धतीने नवं प्रथिन घडवलं. थोडी उष्णता दिली की त्याची चीर सेकंदभरात भरते, आणि भरलेल्या जागेची ताकदही मूळच्या तोडीची असते. प्रथिन जीवाणूंकडून बनवून घ्यावं लागतं, त्यामुळे पोतंभर मिळायला वेळ आहे.

ताकद आणि भरणं यांच्यात एक मूळचा तंटा आहे. भरायचं तर साखळ्यांना हलता आलं पाहिजे. पण त्या सहज हलल्या की पदार्थ ओढल्यावर सैल पडत जातो आणि सोडल्यावर पूर्ण जागेवर येत नाही. पकडीत धरलेलं फळ पाच मिनिटं तसंच राहिलं की बोटाला त्याच आकाराची खोड लागते. उलट बंध घट्ट ठेवले तर बोट ताठ वागतं, पण जखम भरायला ८० अंशांची भट्टी लागते. संशोधनात दोन प्रकारचे बंध मिसळून मधली वाट काढतात, काही कायमचे आणि काही सुटे. आपल्या हवेत हा तंटा अजून तीव्र होतो. प्रयोगशाळेतलं ‘खोलीचं तापमान’ म्हणजे २० ते २५ अंश. पिंपळीच्या बागेत एप्रिलच्या दुपारी, सावलीतसुद्धा, ते बरंच वर असतं, आणि काळ्या रबराचा पृष्ठभाग त्याहून गरम. त्याने भरणं लवकर होईल हे खरं, पण बोट सैल पडणंही वाढेल. डिसेंबरच्या पहाटे नेमकं उलटं होईल. युरोपात बनलेला पदार्थ इथे आणून तसाच वापरला तर तो दुपारी एक आणि पहाटे दुसराच असेल.

आता साफ करण्याकडे. निबंधांतला प्रयोग साधारण असा असतो: धारदार पात्याने एक सरळ चीर, कडा लगेच नीट जुळवून ठेवल्या, ठरलेला वेळ दिला, मग ताणून पाहिलं आणि मूळ ताकदीच्या इतके टक्के परत आली असा आकडा दिला. काट्याची जखम अशी नसते. काटा भोक पाडतो, कडा फाटक्या राहतात, टोक कधी आतच मोडतं. जखमेत बारीक धूळ जाते, डाळिंबाचा आम्लधर्मी रस जातो, फवारणीचा थर जातो. हाच मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. डाळिंबावर तेल्या येतो, आणि तो जीवाणूजन्य रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून छाटणीच्या कात्र्या निर्जंतुक द्रावणात बुडवतात. यंत्राचं बोटही तसंच दर झाडाला बुडवावं लागेल. बागेत बोर्डो मिश्रणाची फवारणी असते, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं आणि चुना म्हणजे अल्क. पुण्याच्या २००६ च्या जेलला तांब्याने सांधलं होतं, आणि २०१२ चं जेल अल्कधर्मी पाण्यात सुटत होतं. फवारणी झालेल्या बागेत आयनांवर किंवा हायड्रोजन बंधांवर चालणारं बोट कसं वागेल, हे तांबं आणि आम्ल-अल्क लक्षात घेतल्याशिवाय सांगता येणार नाही. मॅलेइमाइडवर क्लोरीनयुक्त निर्जंतुकाचा महिनोन्‌महिने काय परिणाम होतो, हेही तपासावं लागेल. हे प्रश्न बागेत उभं राहिल्याशिवाय सुचत नाहीत, म्हणून ते इथूनच विचारले गेले पाहिजेत.

त्यासाठी लागणारी माणसं बारामतीच्या आसपास आहेत. माळेगावला २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक स्ट्रेस प्रबंधन संस्था उष्णता, दुष्काळ आणि क्षार यांच्यावर काम करते. शारदानगरचं कृषी विज्ञान केंद्र शेतकऱ्यांना ओळखतं. विद्या प्रतिष्ठानचं अभियांत्रिकी महाविद्यालय गावातच आहे. पुण्याची रासायनिक प्रयोगशाळा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर. या संस्थांनी मिळून बागेतल्या जखमांची एक प्रमाण चाचणी ठरवावी असं मला मनापासून वाटतं. डाळिंबाचा खरा काटा घ्यायचा, बोट फुगलेलं असताना ठरलेल्या जोराने टोचायचा, भोकात बागेतली माती आणि बोर्डोचा थर जाऊ द्यायचा, न धुता रात्रभर शेडमध्ये ठेवायचं, आणि सकाळी हवा भरून पाण्यात बुडवून पाहायचं. मग धुऊन तेच पुन्हा. एप्रिलमध्ये एकदा, डिसेंबरमध्ये एकदा. अशा चाचणीला महागडी उपकरणं लागत नाहीत, आणि तिचा निकाल ब्रसेल्सलाही हवा असेल.

एक रास्त आक्षेप असा की सिलिकॉनचं बोट साच्यात ओतलं की तयार होतं, ते फाटलं तर बदलावं, एवढी रसायनं कशाला? पॅकहाऊसमध्ये, जिथे फळ धुऊन पट्ट्यावर येतं आणि काटे नसतात, तिथे हा आक्षेप मला पटतो. तिथे साधी बोटं पुरतील, आणि मऊ यंत्रं आपल्याकडे आली तर आधी तिथेच येतील. बागेतली गोष्ट निराळी आहे. झाडाखाली, हंगामाच्या घाईत, यंत्र थांबवून बोट बदलणारा माणूस ठेवायचा तर मग यंत्र कशासाठी? शिवाय तोडणीचं काम करणाऱ्या बायकांचा रोजगार या यंत्रांमुळे कमी होणार असेल, तर दुरुस्ती, देखभाल आणि साच्यात बोटं ओतण्याचं काम गावातच राहणं ही किमान अट असली पाहिजे. सिलिकॉनच्या बाबतीत ती पाळता येत नाही, कारण घट्ट झालेलं सिलिकॉन पुन्हा वितळत नाही. फाटलेलं बोट म्हणजे कचरा, आणि नवं बोट म्हणजे बाहेरून आलेला डबा.

डील्स-आल्डर पदार्थाची बोटं मात्र तुकडे करून, तापवून, साच्यात दाबून पुन्हा नवी करता येतात, कारण ज्या सुटणाऱ्या बंधांमुळे जखम भरते त्याच बंधांमुळे पदार्थ पुन्हा वाहता होतो. बांधाबांधावर मल्चिंग पेपरच्या चिंध्या आणि ठिबकच्या तुटक्या नळ्या पडलेल्या या पट्ट्यात मला हा गुण जखम भरण्याइतकाच मोलाचा वाटतो. किती वेळा पुन्हा ओतल्यावर त्याची ताकद घसरू लागते, आणि धूळ-फवारणी मिसळलेला माल ओतला तर नवं बोट हवा धरतं का, हे दोन आकडे मिळाले की बागेसाठी कोणता पदार्थ निवडायचा ते ठरवता येईल.